थोरली आणि छडीची पाच बोटं

"मोजमापात मी आयुष्यात चुकलेलो नाही, आणि माझं मोजमाप असेपर्यंत थोरली रस्त्यात थांबणार नाही!"

गुरुजी हे वाक्य बोलले ते सकाळी साडेसातला, स्वतःच्या अंगणात, चार माणसांच्या देखत. असलं वाक्य माणसानं बोलू नये. बोलायचंच असेल तर देवाचं लक्ष नाही अशी वेळ बघून बोलावं, आणि अशी वेळ अजून कुणाला सापडलेली नाही!

गुरुजी म्हणजे निवृत्त भूमितीशिक्षक. चाळीस वर्षं त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढले. आणि थोरली म्हणजे त्यांची मोटार. सत्तर वर्षांची अमेरिकन मोटार, आठ सिलिंडरांची, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख असलेली, आणि लांबीला अशी की पुढचे दिवे गल्लीच्या तोंडाशी पोचले तरी मागचे अजून अंगणातच असायचे. गुरुजींच्या मामांनी जाताना ती भाच्याला ठेवली. ती घरात आली आणि मग तीन वर्षांनी गुरुजींचं लग्न झालं. त्यामुळे वहिनी पहिल्या दिवसापासून तिला 'तुमची थोरली' म्हणायच्या. "थोरलीची आंघोळ झाली असेल तर धाकटीच्या चहाचं बघा," असं रविवारी सकाळी त्यांच्या घरातून ऐकू यायचं.

वहिनींनी या सवतीला चाळीस वर्षांत अकरा वेळा ढकललं होतं. बाराव्या वेळी, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, त्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतल्या. बाहेर आल्या, हात धुतले आणि शांतपणे म्हणाल्या, "आजपासून मी हिच्यात पाय ठेवणार नाही." वहिनी चिडून बोलल्या की गुरुजींना भीती वाटत नसे. त्या शांतपणे बोलल्या की मात्र वाटायची.

पण यंदा जुन्या गाड्यांच्या 'जुनं ते सोनं' मंडळाचा मेळावा वीस किलोमीटरवरच्या तलावाकाठी होता, आणि गुरुजींच्या मनात होतं की वहिनींनी शेजारी बसून यावं. आठवडाभर विनवण्या झाल्या. शेवटी वहिनींनी होकार दिला, पण दोन अटी घालून.

"पहिली अट. माझ्या बाजूची काच खाली घसरते, वारा लागतो आणि कान ठणकतो. ती काच वर राहिली पाहिजे."

"राहील!"

"दुसरी. मला खाली उतरून गाडी ढकलायला लागली, तर त्याच जागी किल्ली डॉक्टरांच्या हातात द्यायची."

डॉक्टर म्हणजे दंतवैद्य, मंडळाचेच सभासद. थोरलीवर त्यांचा दहा वर्षांपासून डोळा होता. येता-जाता थांबून ते तिच्या बंपरवरून हात फिरवायचे आणि त्यात स्वतःचे दात बघून घ्यायचे. अट ऐकली तेव्हापासून ते वहिनींशी फार आदरानं बोलू लागले होते.

पहिल्या अटीचं काम गुरुजींनी आदल्या दिवशी दुपारी उरकून टाकलं होतं. काच आणि दार यांच्यामधल्या फटीत एक पाचर मारली की झालं! पेन्सिल बारीक पडली, केरसुणीचा दांडा आत जाईना. शेवटी हाताशी जे होतं ते कापलं, ठोकलं आणि काच अशी घट्ट बसली की जणू जन्मली तेव्हापासून तिथंच होती. फक्त ही गोष्ट घड्याळजींना कळता कामा नये! घड्याळजी यंदा मेळाव्याचे परीक्षक होते, आणि मंडळाचा कायदा कडक होता. गाडीत कारखान्यातून आलेलं नाही असं काहीही सापडलं, मग तो साधा खिळा का असेना, की मानाची ढाल हुकली!

या कायद्यापायीच थोरलीचा पेट्रोलचा काटा गुरुजींनी कधी बदलला नव्हता. तो मामांच्या काळापासून 'भरलेली' या खुणेवर जाऊन बसला होता, आणि टाकी कोरडी पडली तरी तिथून हलत नव्हता. मग पेट्रोल मोजायचं कसं? तर शाळेतल्या वेताच्या छडीनं! ही छडी गुरुजींनी कुणा पोरावर कधी उगारली नाही. ती फळ्यावर कोन दाखवायची. निवृत्त झाल्यावर तिला टाकीची नोकरी लागली. वहिनींनी कपाट रंगवून उरलेल्या रंगांनी तिच्यावर तीन कडी काढून दिली होती: टोकाशी हिरवं म्हणजे संपत आलं, मध्ये लाल म्हणजे अर्धी टाकी, वर पिवळं म्हणजे भरलेली.

तर त्या सकाळी गल्लीत डॉक्टर, घड्याळजी, बेकरीवाला आणि बँडमास्तर अशा चौघा सभासदांच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, सगळ्या सुरू. मंडळात एकदा सुरू झालेलं इंजिन मुक्कामाला पोचेपर्यंत कुणी बंद करत नसे. ते परत सुरू होईलच याची हमी साक्षात ब्रह्मदेवसुद्धा देत नाही! गुरुजींनी सगळ्यांच्या देखत मागचा लाल दिवा उचकटला. टाकीचं तोंड त्या दिव्याच्या मागे दडलेलं होतं, आणि नवख्या पेट्रोलवाल्याला ते शोधायला दोन प्रदक्षिणा घालाव्या लागायच्या. छडी वाकवून आत सोडली, तळाला टेकवली, बाहेर काढली.

"लाल कड्यापर्यंत ओली! अर्धी टाकी! तलावाला जाऊन येऊन वर उरेल!"

आणि मग ते मघाचं वाक्य. देवानं ऐकलं आणि कामाला लागला.

आठ किलोमीटर प्रवास कसा झाला म्हणून सांगावं! थोरली लोण्यावरून चालल्यासारखी चालली होती. वहिनींच्या मांडीवर विणकाम होतं, काच वर होती, कान शाबूत होता. पंप मागे पडला, पूल मागे पडला. चढ लागला तेव्हा वहिनी चक्क म्हणाल्या, "बरी चालतेय हो तुमची थोरली." चाळीस वर्षांत पहिल्यांदा एका सवतीनं दुसरीला बरं म्हटलं होतं!

तेवढ्यात थोरली खोकली. मग ठसकली. मग सासुरवाशिणीसारखा एक दीर्घ उसासा टाकला आणि चढाच्या मधोमध उभी राहिली.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. दम खातेय."

मागच्या चारही गाड्या थांबल्या. सगळ्यात आधी उतरले ते डॉक्टर. शीळ घालत आले. "काय गुरुजी, किल्ली जड होतेय का खिशात?"

"अट नीट आठवा डॉक्टर! हिनं उतरून ढकलली तर. ही उतरलेली नाही. अगं, तू जागची हलू नकोस हां!"

आता मंडळाची आणखी एक रीत सांगायला हवी. कुणाचं बोनेट उघडलं की बाकीच्यांना राहवत नाही. भुकेल्या माणसासमोर ताट यावं तसं होतं! गुरुजींनी बोनेट वर केलं आणि चार डोकी आत गेली.

"आधी सोपं बघू," घड्याळजी म्हणाले. "पेट्रोल आहे ना?"

गुरुजींचा चेहरा असा झाला की जणू त्यांना कुणी त्रिकोणाला बाजू किती म्हणून विचारलं. ते तडक मागे गेले, दिवा उचकटला, छडी बुडवली आणि सगळ्यांच्या नाकापुढे धरली. लाल कड्यापर्यंत ओली!

"चुकलं माझं," घड्याळजी खाली बघत म्हणाले.

"मग ठिणगीचा प्रश्न," डॉक्टरांनी निदान केलं. "प्लग उपटावे लागतील." आणि त्यांनी आठही प्लग असे उपटले की प्रत्येकाला मनातल्या मनात 'आ करा' म्हणत असावेत. "हा बघा, मुळाशी काळा पडलाय!"

"प्लगचं काय घेऊन बसलात?" घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. "ठिणगी वेळेवर पडायला नको? हिची वेळ चुकतेय. पाव सेकंद मागे आहे." त्यांनी ठिणगीची वेळ राखणाऱ्या डब्याचं झाकण काढलं आणि आतले चिमुकले भाग चिमट्यानं वेचून बाहेर ठेवायला सुरुवात केली.

"अहो, इकडे ऐका जरा," वहिनींनी गाडीतून हाक मारली.

"बस ग तू! इंजिनाचं चाललंय."

बेकरीवाल्यानं कार्बोरेटर हुंगला. पीठ हुंगावं तसा! "मिश्रण बिघडलंय. हवा जास्त, माल कमी. हा खोलल्याशिवाय कळायचं नाही." आणि त्यानं स्वतःच्या गाडीतून पावाचा मोठा ट्रे आणला. थोरलीची आतडी त्यात ओळीनं मांडली जाऊ लागली, भट्टीत सरकवायची असल्यासारखी.

बँडमास्तर तेवढे काही खोलत नव्हते. ते डोळे मिटून उभे होते. "ती थांबली तेव्हा मी मागे होतो," ते म्हणाले. "खोकल्याचा सूर मी ऐकलाय. तो भरल्या पोटाचा खोकला नव्हता."

"मास्तर, तुम्ही ट्रे धरा," डॉक्टर म्हणाले.

खरं निदान तिथं झालं होतं. पण ट्रे धरणाऱ्याचं कोण ऐकतं?

इकडे गाडीत बसून वहिनींचा विणकामातला एक टाका सुटला. तो उचलताना त्यांची नजर खिडकीच्या फटीकडे गेली. पाचर. पाचरीच्या कडेला बारीकशी हिरवी रेघ. वहिनींनी मान वाकडी करून पाहिलं. तो हिरवा रंग जगात फक्त दोनच जागी होता: एक त्यांच्या कपाटावर आणि दुसरा...

"अहो! ही काचेतली..." त्यांनी बोट दाखवलं.

गुरुजींनी ते बोट पाहिलं. परीक्षक दोन हातांवर उभा आणि ही बया पाचर दाखवतेय! ते बोनेटच्या आडून धावत आले आणि खिडकीपुढे छाती काढून उभे राहिले.

"काचेबद्दल एक अक्षर बोलू नकोस!" ते दात-ओठ खात कुजबुजले. "ढाल जाईल!"

"अहो, ढाल राहू द्या, छडी..."

"छडी डिकीत आहे!"

"पूर्ण नाहीये!"

"श्श्श! घड्याळजी, इकडे काही नाही बरं का! हिला जरा ऊन लागतंय!"

वहिनींनी आणखी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा गुरुजींनी त्यांना पाण्याची बाटली दिली, दुसऱ्यांदा पाव. आता थोरली रस्त्यात थांबल्याला तासभर होत आला होता. ट्रे भरला होता, डॉक्टरांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि घड्याळजींची एक स्प्रिंग उडून कुठं गेली म्हणून बेकरीवाला रस्त्यावर रांगत होता. गुरुजी घामानं निथळत होते. मनातून त्यांना दिसत होतं की सगळे उपाय थकले की कुणीतरी म्हणणार, "चला, ढकलू." हात कमी पडणार. वहिनींचा स्वभाव असा की माणसं कष्ट करताना बघून त्या स्वस्थ बसणार नाहीत. त्या उतरणार. आणि उद्या अंगणात मोकळी जागा उरणार, मामांच्या थोरलीच्या मापाची.

वहिनींनी मग हॉर्नवर कोपर ठेवलं. भोंऽऽऽऽ! सगळे ताडकन उभे राहिले. दोघांची डोकी बोनेटवर आपटली, बँडमास्तरांनी ट्रे कसाबसा सावरला.

"धैवत," बँडमास्तर म्हणाले. "बॅटरी उत्तम आहे."

तेवढ्यात वहिनींनी पाचर धरली आणि उपसून काढली. काच खडाड करून दाराच्या पोटात गेली. उघड्या खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. दोन बोटांत वेताचा एक तुकडा होता.

"गुरुजी," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला कधी गुरुजी म्हटलं नव्हतं. शांत आवाजात त्यांनी पुढे विचारलं, "मोजपट्टी कुठून सुरू होते हो?"

"शून्यापासून," गुरुजींनी सवयीनं उत्तर दिलं.

"मग तुमच्या छडीचं शून्य कुठाय?"

गुरुजींनी डिकीतून छडी आणली. पाहिली. वरून मूठ होती, पिवळं कडं होतं, लाल कडं होतं. हिरवं नव्हतं! लाल कड्याखाली जेमतेम बोटभर वेत उरला होता.

"शून्य माझ्या खिडकीत होतं," वहिनी म्हणाल्या. "मघापासून तेच सांगतेय. पण तुम्ही मला पाव खायला घालताय!"

गुरुजींनी तुकडा छडीच्या टोकाला लावून पाहिला. घड्याळजींनी भिंग लावून खात्री केली. डॉक्टर म्हणाले, "चपखल. असा दात बसवायला मला तीन खेपा लागतात." पाच बोटं! आदल्या दुपारी वहिनींचा कान जपायच्या नादात गुरुजींनी छडीची खालची पाच बोटं कापली होती. मुठीकडून कापली असती तर काही बिघडलं नसतं, पण मूठ कशी कापायची, ती शाळेची आठवण! तेव्हा टाकीत अर्धी टाकी पेट्रोल नव्हतं. सकाळी बोटभर होतं, आणि चढावर उरलंसुरलं मागे, टाकीच्या तोंडाखाली जमून छडीला पुन्हा तेवढंच लागलं होतं.

चाळीस वर्षं हा माणूस पोरांना सांगत आला होता, 'बाळांनो, पट्टीचं टोक झिजलं असेल तर माप चुकतं.'

मग बेकरीवाला रांगता रांगता खो खो हसायला लागला, आणि मग सगळेच. गुरुजीसुद्धा. हसता हसता ते वहिनींकडे बघत होते, आणि वहिनी छडीकडे.

"माझ्या कानासाठी कापलीत?" त्यांनी हळूच विचारलं.

"जे हाताला लागलं ते कापलं ग."

वहिनींनी पदर तेवढा कानावरून घट्ट ओढून घेतला.

बेकरीवाला मागच्या पंपावरून दोन डबे पेट्रोल घेऊन आला. आतडी परत बसवली गेली. एक स्प्रिंग उरली, ती कुठली हे कुणालाच आठवेना, म्हणून ती सगळ्यांच्या संमतीनं पावाच्या ट्रेमध्येच ठेवली. गुरुजींनी किल्ली फिरवली. थोरली एकदा शिंकली आणि गडगडून सुरू झाली! टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा मागून शीळ ऐकू आली. शीळ घालायला डॉक्टर तर इथं उभे होते! शीळ घालत होती त्यांची गाडी. तासभर जागच्या जागी सुरू राहून तिचं डोकं तापलं होतं आणि पाणी उकळत होतं. वाफेचा एक लोट निघाला आणि ती गप्प झाली ती झालीच. शेवटी थोरलीच्या मागच्या बंपरला दोर बांधला आणि उरलेले बारा किलोमीटर तिनं डॉक्टरांना गाडीसकट ओढत नेलं. गुरुजींनी तलावाकाठी असा प्रवेश केला की पाहणाऱ्यांना वाटावं, लढाई जिंकून कैदी आणलाय!

ढाल मात्र हुकली. घड्याळजींनी वहीत लिहिलं, 'सगळं मूळचं. खिडकीतला वेत परका.' ढाल बेकरीवाल्याला गेली. त्याच्या गाडीवरची धूळसुद्धा मूळची होती!

डॉक्टरांची गाडी काही संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली नाही. ती तिथंच एका शेडमध्ये ठेवली आणि डॉक्टर थोरलीच्या मागच्या सीटवर बसले. कुणाचंही लक्ष नसताना ते सीटच्या कातड्याला कुरवाळत होते. निघण्याआधी गुरुजींनी पुन्हा छडी बुडवली. काच वर ठेवायला पाचर परत खिडकीत गेली होती, त्याबद्दल त्यांनी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

"लालच्या वर एक बोट ओली. लाल म्हणजे सहा बोटं, अधिक एक, सात. आता कापलेली पाच बोटं. सात अधिक पाच, बारा! टाकी भरलेली आहे!"

"अधिक?" वहिनींनी विचारलं. "की वजा?"

"अगं, तुकडा छडीचाच ना? मग तो मिळवायला नको?"

"दोन डबे ओतले, डॉक्टरांना ओढलं, आणि टाकी भरली?"

"हे गणित आहे, वादविवाद नाही!"

पंपापाशी वहिनी म्हणाल्या, "भरून घ्यायचं का थोडं?" गुरुजी नुसते हसले. भरलेल्या टाकीत कुणी पेट्रोल भरतं का?

थोरली थांबली ती त्यांच्याच गल्लीत, अंगणाच्या फाटकापासून चाळीस पावलांवर. खोकून, ठसकून, उसासा टाकून.

मागच्या सीटवरून एक हात हळूच पुढे आला, तळवा वर करून. "वहिनी," डॉक्टर म्हणाले, "शब्द हा शब्द असतो."

वहिनींनी दार उघडलं. गुरुजींनी डोळे मिटले. वहिनी खाली उतरल्या, गाडीला वळसा घालून गुरुजींच्या बाजूला आल्या आणि त्यांना म्हणाल्या, "उतरा."

गुरुजी उतरले. आत वाकून किल्ली काढायला लागले.

"किल्ली राहू द्या तिथंच." वहिनी स्टिअरिंगच्या चाकामागे बसल्या आणि पदर खोचला. "मी ढकलली तर थोरली डॉक्टरांची, असं ठरलंय. मी चाक धरते. तुम्ही ढकला. डॉक्टर, तुम्हीही उतरा बघू, दोघं लागाल."

चाळीस पावलांना अर्धा तास लागला. फाटकात पोचले तेव्हा डॉक्टर जमिनीवर बसले आणि धापा टाकत म्हणाले, "गुरुजी, देवाशप्पथ सांगतो, फुकट दिलीत तरी ही गाडी मला नको!"

वहिनी खाली उतरल्या. थोरलीच्या बोनेटवर त्यांनी एक हलकी थाप मारली, धाकटीनं थोरलीच्या पाठीवर मारावी तशी, आणि चहा टाकायला आत गेल्या.

गुरुजी बराच वेळ छडीकडे बघत उभे होते. मग इकडेतिकडे पाहून डॉक्टरांच्या कानाशी वाकले.

"तुम्हाला म्हणून सांगतो डॉक्टर, मी भूमितीचा. बेरीज-वजाबाकी दुसरे सर घ्यायचे."